पार सोडून उठलेला पंच

अमरावती,
चैत्र वद्य तृतीया

मध्यप्रांत व वऱ्हाडचे उपप्रधान, अकोल्याचे नामांकित वकील आणि आमचे धाकटे साडू खुशालराव यांस, अमरावतीच्या हायस्कुलातील संस्कृतच्या मास्तराचा आशीर्वाद आणि फिर्याद.

फिर्याद खुर्चीची आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या सत्कारासाठी समितीचे लोक माझ्या घरून दोन खुर्च्या घेऊन गेले. एक उंच पाठीची. दुसरी बुटकी, जिच्यावर बसून मी पोरांची शब्दरूपे ऐकतो. उंच खुर्ची तुमच्या मुख्य प्रधानांसाठी होती. थोरले साहेब आयत्या वेळी आले नाहीत. तू आलास आणि मुकाट्याने बुटकीवर बसलास. उंच खुर्ची सभा संपेपर्यंत तुझ्या शेजारी रिकामी राहिली. समितीने तिला झेंडूचा हारही घातला. प्रत्येक वक्त्याने आधी तिला नमस्कार केला, मग तुला. इथपर्यंत माझे काही म्हणणे नाही. पण खुर्च्या परत आल्या तेव्हा उंच खुर्चीचीच वेताची बैठक फाटलेली निघाली. जिच्यावर कोणी टेकले नाही ती फाटली, आणि जिच्यावर तुझ्यासारखा भारदस्त उपप्रधान बसला ती शाबूत! कारणावाचून कार्य होत नाही, असे मी आजवर शिकवत आलो. आता पोरांना काय तोंड दाखवू? तुझी मेहुणी माणिकबाई म्हणते, "थोरल्या सायबाच्या रिकाम्या खुर्चीचंबी वजन असते. तुमाले पोथ्यांतलं समजते, एवढं समजत नाही?"

संस्कृत नाटकांत मी तुझ्या पदाचा शोध घेतला. राजा सापडतो, अमात्य सापडतो, विदूषक आणि म्हातारा कंचुकीसुद्धा सापडतो. उपराजा मात्र कोठे नाही. त्याला कोणत्या अंकात आणावे हे नाटककारांना सुचले नसेल. राजा रंगभूमीवर असताना त्याला काम नाही, आणि राजा नसताना त्याने काम केले तर नाटकच बदलते. तुला मात्र सराव आहे. सासुरवाडीला पहिला पाट माझा आणि दुसरा तुझा, असे गेली वीस वर्षे चालले आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मी पहिली लिहायला हवी होती. काल सावरपाटीहून आपले मेहुणे महादेवराव आले होते. त्यांच्या मुलाची, चंद्रभानची, फाशी हायकोर्टाने कायम केली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जावी यावरून पाटील घराण्याच्या दोन शाखांचा, थोरल्या आणि धाकट्या पातीचा, तंटा आजोबांपासूनचा. त्यात आपला हा भाचा घरी गेला, गाडीची उभारी उपसून परत आला आणि दुसऱ्या पातीच्या शेषरावाच्या भावाला, नत्थुजीला, ती डोक्यात बसली. घरी जाऊन परत आला, म्हणून कोर्ट म्हणते हा क्षणाचा राग नव्हे. आता दयेचा अर्ज तेवढा उरला. तो नागपूरला निघाला आहे.

महादेवराव ओसरीवर बसून होते. चहा घेतला नाही. उठताना एवढेच म्हणाले, "खुशालराव हायेत तिथं." मी ही ओळ फक्त तुझ्याकडे पोचवतो.

गोवर्धन

*

नागपूर,
२६ एप्रिल

मास्तर, नमस्कार.

खुर्ची पाठवून द्या, इथे वेत विणणारा चांगला आहे. आणि त्या दिवशी मी उंच खुर्चीवर बसलो असतो, तर दुसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांच्या कानावर तेवढंच गेलं असतं. भाषण काय केलं ते कोणी सांगितलं नसतं.

उपप्रधानाला काम काय, म्हणता. थोरल्या साहेबांना ज्यांना भेटायचं नसतं त्यांना मी भेटतो. विधानसभेत वऱ्हाडचा कोणी ओरडला, कापसावरून म्हणा की नागपूरला हललेल्या कचेऱ्यांवरून म्हणा, की त्याला उत्तर द्यायला वऱ्हाडचाच माणूस उभा करतात. तो मी. शिव्या मराठीत येतात, मी मराठीत झेलतो, साहेब नर्मदेकाठचे, ते शेजारी बसून हसतात. माणूस वाईट नाही. वऱ्हाड गप्प राहावं म्हणून मला इथे बसवलं आहे, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. पण मास्तर, दारात उभं राहणाऱ्यालाच आत काय चाललं ते दिसतं. कधी कामाला येतं.

आता आलं आहे. उन्हाळ्यासाठी साहेब मेच्या आरंभी पचमढीला जातात. पावसाळा लागेपर्यंत नागपुरात त्यांचा कारभार माझ्याकडे. दयेच्या अर्जावर मंत्रिमंडळाचा शेरा लागतो आणि तो पाहूनच गव्हर्नर सही करतात. थोरले साहेब नसताना तो कागद माझ्या टेबलावर येणार. महादेवरावांना सांगा, मी आहे. पण कचेरीच्या पत्त्यावर याबद्दल काही लिहू नका, घरी लिहा.

मनकर्णा रोज विचारते. भाऊ तिचा, भाचाही तिच्याच अंगाखांद्यावर वाढलेला. तिलाही हेच सांगितलं.

खुशाल

*

अमरावती,
वैशाख शुद्ध दशमी

खुशालराव,

तुझे पत्र महादेवरावांना वाचून दाखवले. त्यांनी 'मी आहे' हे दोन शब्द पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "बस. आता बाकीचं राहू द्या."

काल तुरुंगात चंद्रभानला भेटून आलो. तो इथेच अमरावतीला आहे, म्हणून घरच्यांच्या वतीने जाणे माझ्याकडे आले. जाळीपलीकडून त्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? "मामाजी, माही जोडी बाबानं इकली तं नाही ना?" नाही म्हणालो. "मंग तिले चारा कोन टाकते?" ते मला माहीत नव्हते. पोरगा माझ्यावर रागावला. फाशीच्या कैद्याची बोलणी खाऊन घेणारा संस्कृतचा मास्तर प्रांतात मी एकटाच असेन.

मग जरा शांत झाला. म्हणाला, "नत्थुजीले माराचं नव्हतं मले. पुढं जाऊ द्याचं नव्हतं." तेवीस वर्षांच्या पोराला कोणी तरी आधी सांगायला हवे होते, की दुसऱ्या क्रमांकाने गेलेल्या बैलाचेही पोट भरते. आपण दोघे त्याच्या आत्यांचे नवरे. पोळ्याला दरसाल जेवायला जात होतो. त्या तंट्याच्या गमतीजमती ऐकून हसत होतो.

निघताना त्याने विचारले, "तिथं खुशालमामाजी हायेत ना?"

मी हो म्हणालो.

"मंग मी काहून भेऊ?"

शिपायाने वेळ संपल्याचे सांगितले, हे माझे नशीब.

मला न्यायाची भाषा येत नाही. पोराने माणूस मारला आहे. नत्थुजीची बायको त्याच गावात पांढऱ्या कपाळाने हिंडते. त्याला सोडा असे कोणीच म्हणत नाही. जन्मठेप द्या, एवढेच मागणे आहे. तुझ्या शेऱ्याची वाट पाहतो.

गोवर्धन

*

नागपूर,
१७ मे

मास्तर,

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून मारून शिपाई थकला, तरी खोली तापलेली आहे. अशात हे लिहितो आहे.

कागद परवा आला. सेक्रेटरीने समोर ठेवला आणि उभा राहिला. हा आरोपी माझ्या बायकोचा भाचा, हे त्याला ठाऊक. मेलेला माणूस शेषरावाचा भाऊ, आणि शेषरावाशिवाय बाळापूर तालुक्यात मला मतं पडत नाहीत, हेही त्याला ठाऊक. मी पेन उचललं की तो काय पाहणार, ते मला दिसत होतं.

मी शेरा मारला नाही. मतासाठी सोडलेली जागा कोरी ठेवली. खाली फक्त लिहिलं, 'मुख्य प्रधानांच्या आज्ञेसाठी', आणि कागद पचमढीला पाठवला.

ओरडू नका, आधी ऐका. आपल्याकडे पंच पारावर बसतात. एखाद्या पंचाच्या घरचाच तंटा पुढे आला, तर तो पंच काय करतो? पार सोडून उठतो. खाली उतरून मातीत बसतो आणि शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. बाकीचे पंच त्याच्याकडे बघतात, आणि त्याच्या माणसाला सांभाळून घेतात. मागून मिळालं नसतं ते न मागता मिळतं. माझ्या चुलत्याच्या वेळी माझे वडील असे उठलेले मी पाहिले आहेत. चुलत्याला गावाबाहेर काढणार होते. वडील खाली जाऊन बसले, आणि निकाल दंडावर आला. कोणी बोट दाखवलं नाही.

मी तेच केलं. बोललो असतो तर भाच्यासाठी बोललो झालं असतं. उद्या वर्तमानपत्रं, परवा विधानसभा. शेरा थोरल्या साहेबांच्या हातचा असला की कोणाची जीभ उचलायची नाही. मी उठलो ते त्यांना दिसेलच. ते जाणते आहेत.

खुशाल

*

अमरावती,
वैशाख वद्य नवमी

खुशाल,

पार आपल्या गावात आहे. पचमढीला नाही.

तू उठलास हे आपल्या लोकांना कळले असते, कारण तू मातीत बसलेला त्यांना दिसला असता. नर्मदेकाठच्या माणसाला काय दिसणार? एक कोरी जागा. उपप्रधान, बायकोचा सख्खा भाचा, आणि एक ओळ नाही. मी त्यांच्या जागी असतो तर समजलो असतो, की याला हा मुलगा वाचलेला नको आहे, आणि तोंडाने तसे सांगवत नाही.

मी तुला पक्षपात करायला सांगत नाही. जे खरे आहे तेवढे लिही. वय कोवळे. आधीचा एकही गुन्हा नाही. त्या दिवशी दोन्ही पात्यांनी काठ्या आणल्या होत्या, हे खुद्द शेषरावाचा साक्षीदार कोर्टात बोलला. यातले एक तरी वाक्य चंद्रभानचा मामाजी म्हणून लिहावे लागते का? ते वकील म्हणूनही लिहिता येते.

लिहायचे नसेल तर पचमढीला जा. समोर बस आणि तोंडाने सांग, की आमच्याकडे गप्प बसण्याचा अर्थ असा असतो. त्यांना तो शिकवावा लागेल. मी पोरांना वर्षानुवर्षे शिकवतो, तरी अर्धे नापास होतात. साहेबांना शिकवल्याशिवाय कसा येईल?

माणिकबाई दोन दिवस मनकर्णेला पत्र लिहायला बसते आणि उठते.

गोवर्धन

*

नागपूर,
३० मे

मास्तर,

पचमढीला जाता येत नाही. साहेब बाहेर असताना उपप्रधानाने नागपूर सोडायचं नाही, असा हुकूम आहे. सोडलं तर विचारतील, कशासाठी आलात?

काल ट्रंक टेलिफोनवर बोलणं झालं. गव्हाचं, पाण्याचं, पुढच्या अधिवेशनाचं. साहेब मोकळेपणाने बोलत होते, माझ्या तब्येतीची चौकशी केली, नागपूरच्या उन्हावरून हसले. त्या कागदाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, टेलिफोनवर मधे दोन माणसं ऐकत असतात. पण मास्तर, त्यांच्या मनात कडू काही असतं, तर आवाजात आलंच असतं. इतकी वर्षं मी माणसांच्या साक्षी ऐकल्या. मला कळतं. त्यांनी विषय काढला नाही याचा अर्थ त्यांनी मनात धरलं आहे, आणि मला अवघडायला नको म्हणून बोलत नाहीत.

मनकर्णेला हे सांगितलं तशी तिने पेटीच भरली. सावरपाटीला जाऊन भावजयीला स्वतः सांगते म्हणाली. काल रात्रीच्या गाडीने गेली. तुम्हीही आता जिवाला घोर लावून घेऊ नका.

खुशाल

*

अमरावती,
ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी

खुशाल,

अर्ज फेटाळला. तुरुंगाची नोटीस महादेवरावांच्या हाती आज पडली. आषाढ लागायच्या आत शेवटची भेट घेऊन जा, असे तिच्यात आहे.

मनकर्णेच्या शब्दावर पार्वताबाई वहिनींनी गावात साखर वाटली होती. लेक वाचला म्हणून आईने वाटली. साखर शेषरावाच्या घरीही पाठवली, आणि त्यांनी घेतली. म्हणाले, "झालं थे झालं. पोराचा जीव वाचला, बरं झालं." तेव्हा ज्याच्या मतांना तू भीत होतास, त्याच्या घरीसुद्धा हे ओझे उतरलेले हवे होते. हे तुला कळावे म्हणून लिहितो. टोमणा मारायची आज माझ्यात ताकद नाही.

थोरले साहेब नागपुरात परत येत आहेत असे ऐकतो. भेट. आता तरी बोल.

गोवर्धन

*

नागपूर,
१४ जून

मास्तर,

भेटलो. आत्ताच तिथून आलो, टोपीसुद्धा उतरवलेली नाही.

साहेब उठून सामोरे आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "खुशालरावजी, आपकी बड़ी कठिन परीक्षा थी। घर का लड़का, और आपने एक अक्षर नहीं लिखा। मैं समझ गया।" मी विचारलं, काय समझ गये? म्हणाले, शेषराव तुमचा माणूस, तालुका तुमचा. भाचा सुटला असता तर तुमचा तालुका फुटला असता. तुम्हाला नको होतं आणि सांगता येत नव्हतं. "इसलिए बोझ मैंने उठा लिया।" माझ्यावर उपकार केल्याच्या थाटात सांगत होते, मास्तर. खोटेपणाने नाही. मनापासून.

मी त्यांना पाराची गोष्ट सांगितली. वडिलांचीही सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले, "यह आपने पहले क्यों नहीं बताया?"

शेवटी म्हणाले, गव्हर्नरांची सही झाली आहे, पण दिवस आहेत. मी पुन्हा लिहू शकतो. मात्र फिरवाफिरवीला कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच आहे. 'उपप्रधानांच्या विनंतीवरून' असं कागदावर लिहावं लागेल. लिहू का?

मी म्हणालो, उद्या सांगतो.

खुशाल

*

तार. अमरावती, १५ जून

लिहा म्हणून सांग. आजच सांग. गोवर्धन

*

नागपूर,
१२ जुलै

प्रिय गोवर्धनराव यांस सप्रेम नमस्कार.

बरेच दिवस पत्र नाही. अधिवेशनामुळे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. झाल्या गोष्टीचं दुःख मला कमी नाही, हे आपण जाणताच.

परवा अकोल्याला सभा झाली. आपल्या वाचनात आलीच असेल. लोक स्टेशनापासून चालत आले. 'नात्याहून न्याय मोठा मानणारा वऱ्हाडचा सुपुत्र' असा मथळा एका वर्तमानपत्राने दिला. ज्यांनी वर्षभर शिव्या घातल्या ते हार घेऊन उभे होते. शेषराव मात्र आले नाहीत, तब्येत बरी नसेल. मी भाषणात एवढंच म्हणालो, की न्यायाच्या आसनापुढे माझ्यासाठी ना भाचा, ना सोयरा. मी एक अक्षर लिहिलं नाही आणि लिहिणार नव्हतो.

आतली बातमी अशी, की थोरल्या साहेबांना दिल्लीला बोलावलं आहे. त्यांच्या जागेसाठी माझं नाव पुढे आहे. खुद्द साहेबच म्हणतात, परीक्षेला उतरलेला माणूस. वऱ्हाडचा माणूस पहिल्या जागी! आपल्या पिढीला हे बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

एक विनंती. सौ. मनकर्णा सावरपाटीहून आपल्याकडे आली ती अजून तिथेच आहे. शपथविधीला ती पहिल्या रांगेत हवी. लोक बघतात, विचारतात. तिची समजूत घालून पाठवून द्यावी. आपला शब्द ती मानते.

आपला,
खुशालराव

*

अमरावती,
आषाढ वद्य पंचमी

खुशाल,

तुझ्या पत्रात मी प्रथमच 'आपण' झालो आहे. चालेल.

तू विचारले नाहीस, तरी लिहितो. फाशीच्या दिवशी सकाळी तुरुंगाच्या दाराशी महादेवराव, मी आणि सावरपाटीची चार माणसे होतो. देह ताब्यात दिला. मोटार मिळेना, तेव्हा खुशीने गाडी देणारा एक बागवान भेटला. भाजी उतरवून त्याने गाडी मोकळी करून दिली, आणि भाडे ठरवले नाही. सावरपाटीच्या वेशीवर माणसे उभी होती. त्यांत शेषराव होता. त्याने महादेवरावांना विचारले, "खांदा देऊ?" महादेवराव बाजूला सरकले. त्याने खांदा दिला. पुढचा उजवा. माणसे वाचवायची वेळ निघून गेल्यावर पुढे-मागे कोणी जावे याचा तंटा आपल्या लोकांत उरत नाही, एवढे मी त्या दिवशी शिकलो. तेही उशिराच.

तुझ्या 'उद्या'चे काय झाले, ते तू लिहिले नाहीस. माझी तार पोचली होती. तारखात्याचा पोचल्याचा कागद माझ्याकडे आला. पुढे काय झाले याचा तर्क मी अनेक प्रकारे करून पाहिला. तू साहेबांकडे गेलास आणि ते बाहेर होते. तू गेलास आणि बोलता आले नाही. तू गेलाच नाहीस. प्रत्येक तर्काला आधार आहे, प्रत्येकाला आक्षेप आहे. असल्या वादांत मी आयुष्य घालवले. पण त्यात आजवर कोणी मेले नव्हते.

तू पहिला होणार, याचा मला आनंद व्हायला हवा. सबंध वऱ्हाडाला होईल. आमच्या शिक्षकांच्या खोलीत आजच पेढे आले. मी एक घेतला. बाजूला बसलेले विचारत होते, "साडू ना तुमचे?" हो म्हणालो. ते खरेच आहे.

मनकर्णेला पाठव म्हणतोस. ती इथे आली तेव्हा जेवत नव्हती. बोलायची ती एवढेच, "त्याइनं माह्या चंद्रभानले मारलं." माणिकबाई रडायची, तिच्याने काही सांगवेना. म्हणून मी मनकर्णेला समोर बसवले आणि पाराची गोष्ट सांगितली. तुझ्या वडिलांची, चुलत्याची, कोऱ्या जागेची. म्हणालो, बाई, त्याने चूक केली, पण मारायला नाही केली. तो वाचवायलाच गप्प बसला. आपल्या रीतीने गप्प बसला आणि परक्या माणसाला ती रीत कळली नाही. तिने सगळे ऐकले. ती पाटलाच्या घरची लेक, पंच उठतो म्हणजे काय हे तिला समजावून सांगावे लागले नाही. त्या दिवशी ती जेवली. मग हळूहळू तुझ्या पथ्यपाण्याचेही विचारू लागली. परत जायचे बोलत होती. या सोमवारी निघणार होती.

रविवारी शेजारच्या बेबीताईने वर्तमानपत्र आणून दिले. मनकर्णेला जेमतेम वाचता येते. तिने तुझे भाषण बोट ठेवून ठेवून वाचले. 'एक अक्षर लिहिलं नाही आणि लिहिणार नव्हतो' इथपर्यंत. मग पेपर माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, "दाजी, तुमी सांगतलं थे खरं, का हे खरं?"

मी सांगितले, सभेत माणसाला असे बोलावे लागते. तिने मान हलवली. पण पेटी पुन्हा उघडून लुगडी खुंटीवर टांगली.

ती शपथविधीला येणार नाही. तिची समजूत मी घालू शकत नाही, कारण माझीच पटेनाशी झाली आहे. मेच्या पत्रात तू लिहिलेस त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. तू मातीत जाऊन बसलास असेच मला दिसले होते. आता वाटते, तू उठलास तो खाली बसायला, की कोणाला दिसू नये म्हणून? आणि तुला तरी ते आठवते का?

खुशाल, पुढे तू कोणत्या जागेवर बसतोस याची मला फिकीर नाही. मला काळजी एवढीच आहे, की मी त्या बाईला खोटे सांगितले की काय. ते मला माहीत नाही, आणि तुला विचारले तर तूही आता खरे सांगशील असे वाटत नाही.

गोवर्धन